परावटू ग्रंथी : कॅल्शियमचा तोल सांभाळणाऱ्या चौघी

वारंवार होणारा मुतखडा, ऐन तिशी-चाळिशीत दुखणारी हाडे, क्षुल्लक धक्क्याने झालेला अस्थिभंग, न हटणारी बद्धकोष्ठता आणि कारणाशिवाय आलेली उदासी या तक्रारी वरवर पाहता एकमेकींशी संबंधित वाटत नाहीत. त्यांतील प्रत्येकीसाठी रुग्ण वेगवेगळ्या डॉक्टरांचा दरवाजा ठोठावत राहतो. मुतखड्याची शस्त्रक्रिया एकीकडे होते, हाडाला प्लास्टर दुसरीकडे घातले जाते आणि पोटाच्या तक्रारीसाठी तिसऱ्याच ठिकाणी औषधे सुरू होतात. या सर्व तक्रारींचे मूळ मात्र काही वेळा गळ्यातील मसुराच्या दाण्याएवढ्या एका ग्रंथीत दडलेले असते. ही ग्रंथी म्हणजे परावटू, अर्थात डॉक्टरांच्या बोलण्यातील पॅराथायरॉइड ग्रंथी होय.

थायरॉइड अथवा अवटू ग्रंथीविषयी सर्वसामान्यांना आता बऱ्यापैकी माहिती असते. नावातील साधर्म्यामुळे परावटू ही तिचाच एखादा भाग असावी, असा समज होतो. प्रत्यक्षात दोघींचे शेजारपण सोडले, तर त्यांच्या कार्यात काहीही साम्य नाही. अवटू ग्रंथी शरीरातील चयापचयाचा वेग ठरवते, तर परावटू ग्रंथींवर रक्तातील कॅल्शियमचे प्रमाण स्थिर राखण्याची जबाबदारी असते.

रचना आणि स्थान

बहुतेक माणसांमध्ये परावटू ग्रंथी चार असतात. अवटू ग्रंथीच्या दोन्ही पाळ्यांच्या मागील बाजूस, वर एक आणि खाली एक अशी त्यांची मांडणी असते. प्रत्येकीचे वजन साधारणपणे ३० ते ५० मिलिग्रॅम भरते आणि रंग पिवळसर तपकिरी असतो. आजूबाजूच्या चरबीत त्या इतक्या बेमालूम मिसळून जातात, की अनुभवी शल्यचिकित्सकालाही त्या ओळखताना डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते. काही व्यक्तींमध्ये तीनच, तर काहींमध्ये पाच किंवा त्याहून अधिक ग्रंथी आढळतात.

त्यांच्या जागेविषयीही निश्चिती नसते. गर्भावस्थेत खालच्या दोन ग्रंथी थायमस या छातीतील ग्रंथीबरोबर तयार होतात आणि तिच्यासोबत गळ्यातून खाली सरकतात. हा प्रवास ठरलेल्या ठिकाणी थांबला नाही, तर ग्रंथी थेट छातीच्या मधल्या हाडामागे जाऊन बसते. शस्त्रक्रियेच्या वेळी गळ्यात ग्रंथी न सापडण्याचे हे एक महत्त्वाचे कारण आहे.

गेंड्यापासून सुरू झालेला शोध

मानवी शरीरातील ठळक अवयवांपैकी अगदी अखेरीस सापडलेल्यांमध्ये परावटू ग्रंथींची गणना होते. त्यांच्या शोधाच्या इतिहासाचा भारताशी एक अनपेक्षित धागा आहे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील एक भारतीय गेंडा १८४९ मध्ये मरण पावला. प्रख्यात शरीरशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी त्याचे विच्छेदन केले. त्या वेळी अवटू ग्रंथीला चिकटलेला एक छोटा, पिवळसर पिंड त्यांच्या नजरेस पडला आणि त्यांनी त्याची नोंद केली. या पिंडाचे कार्य काय, याची मात्र त्या काळी कोणालाच कल्पना नव्हती.

मानवी शरीरातील या ग्रंथींचे सविस्तर वर्णन करण्याचे श्रेय स्वीडनमधील उप्साला येथील वैद्यकीय विद्यार्थी इवार सँडस्ट्रॉम यांना जाते. १८७७ मध्ये कुत्र्याच्या गळ्यात त्यांना ही ग्रंथी आढळली. त्यानंतर अन्य प्राणी आणि ५० मानवी मृतदेह तपासून त्यांनी १८८० मध्ये आपला निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी दिलेले नावच आज जगभर रूढ आहे. त्यांच्या हयातीत मात्र या कामाची फारशी दखल घेतली गेली नाही. १८८९ मध्ये त्यांचे अकाली निधन झाले.

दरम्यान, युरोपातील शल्यचिकित्सकांना एक कोडे सतावत होते. गलगंडासाठी संपूर्ण अवटू ग्रंथी काढल्यानंतर काही रुग्णांचे हातपाय आखडत, त्यांना झटके येत आणि काही जण दगावत. १८९१ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ यूजीन ग्ले यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून या प्रकाराचा संबंध परावटू ग्रंथींशी जोडला. १८९६ मध्ये इटलीतील वासाले आणि जेनेराली यांनी अवटू ग्रंथी जागेवर ठेवून केवळ परावटू ग्रंथी काढल्या, तेव्हाही तसेच झटके आले. पुढे १९०९ च्या सुमारास अमेरिकेतील मॅकॅलम आणि व्होग्टलिन यांनी असे झटके कॅल्शियम दिल्याने थांबतात, हे दाखवून दिले. परावटू ग्रंथी आणि कॅल्शियम यांचे नाते अशा रीतीने उघड झाले.

कॅल्शियम इतके महत्त्वाचे का?

कॅल्शियम म्हटले, की हाडे आणि दात डोळ्यांसमोर येतात. ते योग्यच आहे. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे एक किलो कॅल्शियम असते आणि त्यातील ९९ टक्के हाडांत व दातांत साठवलेले असते. उरलेला जेमतेम एक टक्का भाग रक्तात, पेशींमध्ये आणि पेशींभोवतीच्या द्रवात असतो. जगण्याच्या दृष्टीने मात्र क्षणोक्षणी महत्त्वाचा ठरतो तो हाच अंश. हृदयाचे आकुंचन-प्रसरण, स्नायूंची हालचाल, मज्जातंतूंतून जाणारे संदेश, रक्ताची गुठळी होणे या सर्व क्रिया त्याच्यावर अवलंबून असतात.

म्हणूनच रक्तातील कॅल्शियमचे प्रमाण शरीर अतिशय अरुंद मर्यादेत राखते. प्रौढांमध्ये ते १०० मिलिलिटर रक्तद्रवात साधारणपणे ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम असते. प्रयोगशाळेनुसार या मर्यादेत थोडाफार फरक पडतो. एखाद्या दिवशी भरपूर दूध प्यायले किंवा दिवसभर निर्जळी उपवास केला, तरी निरोगी माणसात हे प्रमाण फारसे हलत नाही. याचे श्रेय मुख्यतः परावटू ग्रंथींकडे जाते.

ग्रंथींचे कार्य कसे चालते?

परावटू ग्रंथींच्या पेशींवर कॅल्शियम ओळखणारी विशिष्ट प्रथिने असतात. या संवेदकाचा जनुकीय शोध १९९३ मध्ये लागला. रक्तातील कॅल्शियम किंचित जरी घटले, तरी हे संवेदक ते टिपतात आणि ग्रंथी काही सेकंदांत परावटू संप्रेरक रक्तात सोडतात. प्रयोगशाळेच्या अहवालात या संप्रेरकाचा उल्लेख पीटीएच या आद्याक्षरांनी केलेला असतो. ते ८४ अमिनो आम्लांच्या साखळीचे बनलेले असून रक्तात अवघी काही मिनिटे टिकते. त्यामुळे हुकूम देणे आणि तो मागे घेणे ही दोन्ही कामे वेगाने होऊ शकतात.

हे संप्रेरक तीन मार्गांनी कॅल्शियम वाढवते. पहिला मार्ग हाडांचा. हाडे ही कॅल्शियमची पेढी मानली, तर संप्रेरक हे पैसे काढण्याची चिठ्ठी ठरते. हाड झिजवणाऱ्या पेशींना त्यामुळे अप्रत्यक्ष चालना मिळते आणि साठ्यातील कॅल्शियम रक्तात येते. दुसरा मार्ग मूत्रपिंडांचा. लघवीवाटे जाऊ पाहणारे कॅल्शियम मूत्रपिंडे परत शोषून घेतात आणि त्याच वेळी फॉस्फेट बाहेर टाकतात. तिसरा मार्ग आतड्यांचा आहे, पण तो ड जीवनसत्त्वाच्या मध्यस्थीने चालतो. त्वचेत उन्हामुळे तयार झालेले किंवा आहारातून आलेले ड जीवनसत्त्व यकृतात आणि नंतर मूत्रपिंडात प्रक्रिया होऊन कार्यक्षम बनते. मूत्रपिंडातील हा शेवटचा टप्पा परावटू संप्रेरकाच्या हुकमाने पार पडतो. कार्यक्षम ड जीवनसत्त्व आतड्यांना अन्नातील कॅल्शियम अधिक प्रमाणात शोषून घ्यायला लावते.

रक्तातील कॅल्शियम पुरेसे वाढले, की संवेदक ग्रंथींना थांबण्याची सूचना देतात आणि संप्रेरकाचा स्राव कमी होतो. या व्यवस्थेत मॅग्नेशियमलाही स्थान आहे. त्याची तीव्र कमतरता असेल, तर ग्रंथी संप्रेरक सोडू शकत नाहीत. अशा रुग्णाला कितीही कॅल्शियम दिले, तरी मॅग्नेशियम भरून काढल्याशिवाय गुण येत नाही.

ग्रंथी अतिक्रियाशील होते तेव्हा

या ग्रंथींचा सर्वाधिक आढळणारा मूळ विकार म्हणजे प्राथमिक अतिपरावटुता होय. यात एखादी ग्रंथी कॅल्शियमचे प्रमाण न जुमानता संप्रेरक सोडतच राहते. सुमारे ८० ते ८५ टक्के रुग्णांमध्ये चारपैकी एकाच ग्रंथीत निरुपद्रवी गाठ झालेली असते. उरलेल्या बहुतेकांमध्ये एकाहून अधिक ग्रंथी वाढलेल्या असतात. कर्करोगाचे प्रमाण एक टक्क्याच्याही आत असते. पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांमध्ये हा विकार साधारण तिप्पट आढळतो आणि पाश्चात्त्य देशांत रजोनिवृत्तीनंतरच्या वयात त्याचे प्रमाण अधिक असते. थोड्या रुग्णांमध्ये तो आनुवंशिक असून स्वादुपिंड, पीयूषिका किंवा अधिवृक्क अशा अन्य अंतःस्रावी ग्रंथींच्या गाठींसोबत येतो. म्हणून तरुण वयात विकार आढळल्यास कुटुंबाचीही चौकशी केली जाते.

लक्षणांची कारणे संप्रेरकाच्या कार्यातच आहेत. हाडांतून कॅल्शियम सतत काढले गेल्याने ती ठिसूळ होतात, दुखू लागतात आणि किरकोळ आघाताने मोडतात. विकार फार काळ दुर्लक्षित राहिला, तर हाडांत पोकळ्या आणि तपकिरी रंगाच्या गाठी तयार होतात. जबड्यावर अशी गाठ आली, की ती कर्करोगाची असल्याची भीती निर्माण होते. रक्तातील जादा कॅल्शियम मूत्रपिंडातून बाहेर पडताना खडे बनतात. लघवीला वारंवार जावे लागते आणि तहान वाढते. आतड्यांची हालचाल मंदावल्याने बद्धकोष्ठता, मळमळ आणि भूक मंदावणे या तक्रारी उद्भवतात. काही वेळा स्वादुपिंडाला सूज येते. थकवा, विस्मरण, चिडचिड, नैराश्य ही मनाशी निगडित लक्षणेही दिसू शकतात.

भारतातील वेगळे चित्र

अमेरिका आणि युरोपात १९७० च्या दशकापासून रक्ताच्या नेहमीच्या तपासणीत कॅल्शियमचा समावेश झाला. त्यामुळे तेथील बहुतेक रुग्णांचे निदान कोणतेही लक्षण दिसण्यापूर्वी, योगायोगाने होते. भारतात चित्र बरेच निराळे राहिले आहे. लखनौ आणि चंदीगड येथील संस्था, तसेच मुंबईचे केईएम रुग्णालय यांनी प्रसिद्ध केलेल्या अनुभवांतून एक समान गोष्ट पुढे आली. येथील रुग्ण तुलनेने तरुण असतात आणि निदानापर्यंत पोहोचतात तेव्हा अनेकांची हाडे पोखरली गेलेली असतात, अस्थिभंग झालेले असतात किंवा मूत्रपिंडांत खडे साचलेले असतात. केईएममधील तज्ज्ञांचा पश्चिम भारतातील रुग्णांविषयीचा लेख २०१० मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही हाडांचे विकार ठळकपणे दिसून आले.

यामागे दोन कारणे सांगितली जातात. पहिले कारण, नेहमीच्या तपासण्यांत कॅल्शियम मोजले न जाणे. दुसरे, ड जीवनसत्त्वाची व्यापक कमतरता. या कमतरतेमुळे ग्रंथींवर आधीच ताण असतो आणि हाडांचे नुकसान अधिक तीव्र होते. शिवाय ड जीवनसत्त्व कमी असताना रक्तातील कॅल्शियम प्रत्यक्षापेक्षा कमी, कधी कधी अगदी मर्यादेतही दिसते आणि निदान हुकते. घरातील बाईचे हाडांचे दुखणे वात, अशक्तपणा किंवा वय यांच्या नावावर ढकलले जाते. त्यात वर्षे निघून जातात.

मूत्रपिंड विकार आणि दुय्यम अतिपरावटुता

परावटू संप्रेरक वाढलेले आढळले, की प्रत्येक वेळी दोष ग्रंथीचाच असतो असे नाही. दुय्यम अतिपरावटुतेत ग्रंथी आपले काम चोख करत असतात. कॅल्शियम कमी पडत असल्याने त्या अधिक जोमाने स्राव करतात, एवढेच. ड जीवनसत्त्वाची कमतरता हे त्याचे नेहमीचे कारण होय. दुसरे महत्त्वाचे कारण म्हणजे मूत्रपिंडांचा दीर्घकालीन विकार. निकामी होत चाललेली मूत्रपिंडे ड जीवनसत्त्व कार्यक्षम करू शकत नाहीत आणि फॉस्फेटही बाहेर टाकू शकत नाहीत. परिणामी चारही ग्रंथी फुगत जातात. डायलिसिसवरील रुग्णांना होणारी हाडदुखी आणि अंगाची खाज यांमागे हे एक कारण असते.

अशा रुग्णांना फॉस्फेट कमी असलेला आहार, जेवणाबरोबर फॉस्फेट बांधून ठेवणारी औषधे आणि कार्यक्षम ड जीवनसत्त्व दिले जाते. ग्रंथींवरील कॅल्शियम-संवेदकांना चुचकारणारे सिनाकॅल्सेट हे औषध २००४ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. वर्षानुवर्षे ताण राहिला, तर ग्रंथी पुढे कोणाचेच ऐकेनाशा होतात आणि कॅल्शियम वाढले तरी स्राव चालूच ठेवतात. या अवस्थेला तृतीयक अतिपरावटुता म्हणतात. मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतरही ती काही रुग्णांत टिकून राहते.

ग्रंथी मंदावते तेव्हा

याउलट ग्रंथींचा स्राव अपुरा पडला, की अल्पपरावटुता उद्भवते. सुमारे ७५ टक्के रुग्णांमध्ये तिचे कारण गळ्याची शस्त्रक्रिया हे असते. अवटू ग्रंथी काढताना चिमुकल्या परावटू ग्रंथींना किंवा त्यांच्या रक्तपुरवठ्याला इजा पोहोचते. बहुतेकांमध्ये काही आठवड्यांत ग्रंथी सावरतात. थोड्यांना मात्र आयुष्यभर औषधे घ्यावी लागतात. अन्य कारणांमध्ये शरीराच्या प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच ग्रंथींवर केलेला हल्ला, जन्मजात जनुकीय दोष आणि मॅग्नेशियमची कमतरता यांचा समावेश होतो. थॅलेसेमियाच्या रुग्णांना वारंवार रक्त द्यावे लागते. त्यामुळे साचणारे लोहही या ग्रंथींना निकामी करू शकते.

कॅल्शियम घटले, की मज्जातंतू आणि स्नायू अवाजवी उत्तेजित होतात. ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, पायांत गोळे येतात, हाताची बोटे आखडून एकत्र येतात. या आखडण्याला टेटनी म्हणतात. जंतुसंसर्गाने होणाऱ्या धनुर्वाताशी तिचा गोंधळ होऊ देता कामा नये. तीव्र कमतरतेत स्वरयंत्र आवळले जाऊन श्वास कोंडतो, आकडी येते आणि हृदयाची लय बिघडते.

तपासणीच्या टेबलावर दोन सोप्या खुणा डॉक्टरांना मदत करतात. कानापुढे गालावर बोटाने हलकी टिचकी मारली असता त्या बाजूचा ओठ आक्रसतो, ही पहिली खूण. ती काही निरोगी माणसांतही दिसते, म्हणून एकट्या तिच्यावर विसंबता येत नाही. रक्तदाब मोजण्याचा पट्टा दंडाला वरच्या रक्तदाबापेक्षा जास्त दाबाने तीन मिनिटे बांधून ठेवल्यास मनगट व बोटे आखडतात, ही दुसरी आणि अधिक भरवशाची खूण.

विकार हळूहळू वाढला, तर त्याचे रूप फसवे असते. लहान वयात मोतीबिंदू होतो, मेंदूच्या खोल भागात कॅल्शियमचे थर साचतात आणि येणाऱ्या झटक्यांना अपस्मार समजून वर्षानुवर्षे फेफऱ्याची औषधे दिली जातात. त्यांतील फेनिटॉइनसारखी काही औषधे ड जीवनसत्त्वाचा ऱ्हास वाढवून कॅल्शियम आणखी खाली नेऊ शकतात. झटका आलेल्या प्रत्येक रुग्णाचे रक्तातील कॅल्शियम एकदा तरी तपासावे, असा आग्रह तज्ज्ञ धरतात तो यासाठीच. नवजात बाळाला आलेले झटके हीही एक सूचना असू शकते. आईला निदान न झालेली अतिपरावटुता असेल, तर तिच्या रक्तातील जादा कॅल्शियममुळे गर्भाच्या ग्रंथी दबून राहतात आणि जन्मानंतर बाळाचे कॅल्शियम एकाएकी घसरते. अशा वेळी बाळाबरोबर आईचीही तपासणी करावी लागते.

छद्म-अल्पपरावटुता हा आणखी एक दुर्मिळ प्रकार आहे. अमेरिकी वैद्य फुलर ऑलब्राइट यांनी १९४२ मध्ये त्याचे वर्णन केले. यात संप्रेरक भरपूर असते, पण शरीराचे अवयव त्याला दाद देत नाहीत.

निदानाची रीत

निदानाची पहिली पायरी फारशी खर्चिक नाही. रक्तातील कॅल्शियम, फॉस्फेट, अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांच्या तपासण्या तालुक्याच्या गावातील प्रयोगशाळेतही होऊ शकतात. रक्तातील जवळपास निम्मे कॅल्शियम प्रथिनांना, मुख्यत्वे अल्ब्युमिनला, चिकटलेले असते. म्हणून अल्ब्युमिन कमी असेल, तर कॅल्शियमच्या आकड्यात दुरुस्ती करावी लागते. अल्ब्युमिन चार ग्रॅमपेक्षा जितके ग्रॅम कमी, तितक्या पटीत ०.८ मिलिग्रॅम मिळवायचे, असा ठोकताळा आहे.

यानंतर परावटू संप्रेरक मोजले जाते. अतिसूक्ष्म प्रमाणात असलेले हे संप्रेरक मोजण्याची पद्धत १९६३ मध्ये सॉलोमन बर्सन, रोझलिन यॅलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केली. या तंत्राच्या मूळ शोधासाठी यॅलो यांना १९७७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

अहवालाचा अर्थ दोन्ही आकडे शेजारी ठेवूनच लावायचा असतो. कॅल्शियम जास्त आणि संप्रेरकही जास्त, किंवा दबलेले नाही, असे आढळले तर अतिपरावटुतेचा संशय बळावतो. कॅल्शियम जास्त पण संप्रेरक अगदी कमी असेल, तर कर्करोग, क्षयरोग, सारकॉइडोसिस किंवा ड जीवनसत्त्वाचा अतिरेक यांचा शोध घ्यावा लागतो. कॅल्शियम कमी आणि संप्रेरकही कमी असल्यास अल्पपरावटुता असते. कॅल्शियम कमी पण संप्रेरक जास्त असेल, तर ड जीवनसत्त्वाची कमतरता किंवा मूत्रपिंडांचा विकार संभवतो. २४ तासांच्या लघवीतील कॅल्शियमही मोजले जाते. एका आनुवंशिक, सहसा निरुपद्रवी अवस्थेत रक्तातील कॅल्शियम जास्त असूनही लघवीत ते फार कमी उतरते. अशा व्यक्तीवर शस्त्रक्रिया केल्यास उपयोग होत नाही. लिथियम आणि थायाझाइड गटातील औषधांनीही कॅल्शियम वाढू शकते. त्यामुळे चालू औषधांची यादी डॉक्टरांना दाखवणे आवश्यक ठरते.

शस्त्रक्रिया आणि उपचार

प्राथमिक अतिपरावटुता पूर्णपणे बरी करणारा उपाय म्हणजे दोषी ग्रंथी काढून टाकणे. अशी पहिली यशस्वी शस्त्रक्रिया १९२५ मध्ये व्हिएन्नात फेलिक्स मांडल यांनी ट्रामवर काम करणाऱ्या एका रुग्णावर केली. अंथरुणाला खिळलेला तो माणूस पुन्हा चालू लागला. काही वर्षांनी मात्र विकार उलटला.

त्याच सुमारास चार्ल्स मार्टेल या व्यापारी जहाजाच्या कप्तानाची कहाणी अमेरिकेत गाजली. हाडे झिजून त्याची उंची काही इंचांनी घटली होती. गळ्यावर पुन:पुन्हा शस्त्रक्रिया करूनही गाठ सापडेना. अखेर १९३२ मध्ये, सातव्या शस्त्रक्रियेत, ती छातीत सापडली. दुर्दैवाने त्यानंतर काही आठवड्यांतच मुतखड्याच्या गुंतागुंतीने त्याचा मृत्यू झाला.

आज गाठीचा ठावठिकाणा शस्त्रक्रियेपूर्वीच शोधता येतो. गळ्याची सोनोग्राफी आणि टेक्निशियम-सेस्टामिबी हे किरणोत्सारी द्रव्य टोचून केलेला स्कॅन या त्यासाठीच्या नेहमीच्या तपासण्या आहेत. मात्र विकार आहे की नाही, हे रक्ततपासणीच ठरवते. स्कॅन केवळ गाठ कोठे आहे हे सांगतो. स्कॅनमध्ये काही दिसले नाही, म्हणजे विकार नाही असा अर्थ होत नाही. गाठ एकच असेल, तर लहानशी चीर पुरते. गाठ काढल्यावर दहा मिनिटांत संप्रेरकाचे प्रमाण निम्म्याहून अधिक घसरले, तर शस्त्रक्रिया यशस्वी झाल्याची खात्री टेबलावरच पटते. अनुभवी शल्यचिकित्सकांच्या हाती यशाचे प्रमाण ९५ टक्क्यांहून अधिक आहे. येथे अनुभव हा शब्द महत्त्वाचा आहे.

लक्षणे असलेल्या रुग्णाने शस्त्रक्रिया करून घ्यावी, याबाबत दुमत नाही. लक्षणे नसली, तरी वय ५० पेक्षा कमी असणे, कॅल्शियम वरच्या मर्यादेपेक्षा एक मिलिग्रॅमहून अधिक वाढलेले असणे, हाडांची घनता घटलेली असणे, मणक्याचा अस्थिभंग, मूत्रपिंडांत खडे किंवा त्यांची क्षमता कमी होणे यांपैकी काहीही आढळल्यास शस्त्रक्रियेचा सल्ला दिला जातो. अन्य रुग्णांवर नियमित तपासणीद्वारे लक्ष ठेवता येते. शस्त्रक्रिया शक्य नसेल, तर सिनाकॅल्सेट आणि हाडांची झीज रोखणारी औषधे वापरली जातात.

भारतीय रुग्णांच्या बाबतीत शस्त्रक्रियेनंतरचे दिवस विशेष जपावे लागतात. दीर्घकाळ उपाशी राहिलेली हाडे गाठ निघताच रक्तातील कॅल्शियम अधाशासारखे शोषून घेतात आणि त्याचे प्रमाण धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. त्यामुळे कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व भरपूर प्रमाणात, कधी कधी शिरेवाटे, द्यावे लागते.

अल्पपरावटुतेत कॅल्शियमच्या गोळ्या आणि कार्यक्षम ड जीवनसत्त्व हा उपचारांचा पाया आहे. रक्तातील कॅल्शियम मर्यादेच्या खालच्या टोकाशी राखणे, हे उद्दिष्ट असते. ते त्याहून वर नेण्याच्या प्रयत्नात लघवीतून जास्त कॅल्शियम जाऊन मूत्रपिंडांना धोका पोहोचतो. संप्रेरकच इंजेक्शनद्वारे देण्याचा मार्गही आता खुला झाला आहे. पूर्ण लांबीचे कृत्रिम संप्रेरक अमेरिकेत २०१५ मध्ये मान्य झाले होते, पण उत्पादनातील अडचणींमुळे २०१९ मध्ये ते तेथून परत मागवले गेले. दिवसातून एकदा घ्यायचे पालोपेगटेरिपॅराटाइड हे औषध युरोपात २०२३ मध्ये आणि अमेरिकेत २०२४ मध्ये मान्य झाले.

या संप्रेरकाचा एक विरोधाभास लक्षणीय आहे. त्याचा स्राव अखंड जास्त राहिला, तर हाडे झिजतात. परंतु त्याचाच एक तुकडा दिवसातून एकदा, अल्पकाळ शरीरात राहील असा दिला, तर नवे हाड तयार होते. टेरिपॅराटाइड हे औषध याच तत्त्वावर बेतलेले असून २००२ पासून तीव्र अस्थिविरलतेत वापरले जाते. अतिपरावटुतेच्या रुग्णाला मात्र ते देत नाहीत.

रुग्णांनी काय लक्षात ठेवावे?

मुतखडा दुसऱ्यांदा झाला, दोन्ही मूत्रपिंडांत खडे आढळले किंवा किरकोळ पडण्याने हाड मोडले, तर रक्तातील कॅल्शियम तपासून घेण्याविषयी डॉक्टरांना विचारावे. अहवालातील आकडा मर्यादेपेक्षा थोडाच जास्त असला, तरी तो दुर्लक्षून चालणार नाही. तपासणी पुन्हा करून खात्री करून घ्यावी.

अतिपरावटुतेचे निदान झाल्यावर अनेक जण दूध-दही बंद करतात. हे चुकीचे आहे. आहारातील कॅल्शियम फार कमी केल्यास ग्रंथी अधिक चेकाळतात आणि हाडांवरचा बोजा वाढतो. प्रौढांसाठी दिवसाला एक ग्रॅम कॅल्शियम असावे, अशी शिफारस भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये केली आहे. दूध, दही, नाचणी, तीळ आणि काट्यासह खाल्ले जाणारे छोटे मासे हे त्याचे आपल्याकडील उत्तम स्रोत होत. पाणी भरपूर प्यावे. उलट्या-जुलाब झाल्यास शरीरातील पाणी कमी होऊन कॅल्शियम झपाट्याने वाढू शकते. अशा वेळी गुंगी, सततच्या उलट्या किंवा संभ्रम दिसल्यास रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे.

ड जीवनसत्त्वाची जादा मात्रेची इंजेक्शने तपासणीशिवाय वारंवार घेणे टाळावे. त्यांच्या अतिरेकानेही कॅल्शियम घातक पातळीपर्यंत चढते. अवटू ग्रंथीची शस्त्रक्रिया झालेल्यांना ओठांभोवती मुंग्या आल्या, तर त्यांनी दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालयाशी संपर्क साधावा. थायरॉक्सिन आणि कॅल्शियम या दोन्ही गोळ्या चालू असतील, तर त्यांत किमान चार तासांचे अंतर ठेवावे, अन्यथा थायरॉक्सिनचे शोषण नीट होत नाही. कायमची अल्पपरावटुता असलेल्या रुग्णांनी आपल्या विकाराची व औषधांची नोंद असलेली चिठ्ठी सतत जवळ बाळगावी आणि गोळ्या एक दिवसही चुकवू नयेत.

परावटू ग्रंथींचे बहुतेक विकार वेळीच ओळखले, तर आटोक्यात येतात आणि त्यांतील सर्वांत सामान्य विकार शस्त्रक्रियेने बराही होतो. मोडलेले हाड सांधल्यावर किंवा खडा काढल्यावर उपचार संपले असे न मानता तो का मोडला, का झाला, हा प्रश्न रुग्णाने आणि डॉक्टरांनी विचारायला हवा. त्याचे उत्तर शोधण्याची सुरुवात रक्ताच्या एका साध्या तपासणीने होऊ शकते.